बालकांमधील अन्न-ॲलर्जी

बालकांमधील अन्न-ॲलर्जी म्हणजे एखाद्या नेहमीच्या अन्नपदार्थातील प्रथिनाला मुलाच्या रोगप्रतिकार यंत्रणेने अपायकारक समजून दिलेली आणि तो पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी उद्भवणारी प्रतिक्रिया होय. मराठीत ॲलर्जीला ‘अधिहर्षता’ असा पारिभाषिक शब्द आहे; बोलण्यात मात्र ‘अमुक पदार्थ बाधतो’, ‘सोसत नाही’, ‘अंगावर पित्त उठते’ असे म्हटले जाते. या सर्व तक्रारी ॲलर्जीच्याच असतात असे नाही. भारतात झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झालेली बाब अशी, की रक्ताची अथवा त्वचेची चाचणी होकारार्थी येणाऱ्यांची संख्या प्रत्यक्ष ॲलर्जी असणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. त्यामुळे एका बाजूला अनेक मुलांचे अन्न विनाकारण तोडले जाते, तर दुसऱ्या बाजूला ज्या थोड्या मुलांना जिवावर बेतणारी ॲलर्जी असते त्यांच्यासाठी तातडीच्या उपचाराची तयारी अपुरी राहते.

प्रस्तुत लेखात या विषयावरील संशोधनाचा आढावा महाराष्ट्राच्या, विशेषतः पालघर जिल्ह्यातील वसई-विरार किनाऱ्याच्या आहाराच्या संदर्भात घेतला आहे.

संज्ञा व स्वरूप

अन्न-ॲलर्जीचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात आयजीई नावाचे प्रतिपिंड कारणीभूत असतात. मुलाच्या शरीरात विशिष्ट प्रथिनाविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होतात आणि त्वचा, श्वासमार्ग व आतडे यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की या पेशींतून हिस्टामीन व तत्सम द्रव्ये बाहेर पडतात. काही मिनिटांपासून सुमारे दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, उलटी, खोकला, धाप अशी लक्षणे दिसतात. दुसऱ्या प्रकारात आयजीईचा सहभाग नसतो आणि लक्षणे उशिरा येतात. तान्ह्या मुलांमध्ये गाईच्या दुधामुळे शौचातून रक्त जाणे हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

दुधातील साखर न पचणे ही ॲलर्जी नव्हे. तिच्यात पोट फुगते, जुलाब होतात. परंतु रोगप्रतिकार यंत्रणेचा त्याच्याशी संबंध नसतो आणि त्यातून श्वास कोंडण्याचा धोका नसतो. गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक रोग हाही वेगळा आजार आहे.

ज्याच्या रक्तात आयजीई प्रतिपिंड आढळतात पण तो पदार्थ खाऊन ज्याला काहीही होत नाही, अशा व्यक्तीला ‘संवेदित’ म्हणतात. संवेदित असणे आणि ॲलर्जी असणे यांतील फरक हा या विषयाचा गाभा आहे.

संशोधनाचा इतिहास

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. त्याआधी १९०२ मध्ये शार्ल रिशे व पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ ही संज्ञा रूढ केली होती. त्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मासे खाणाऱ्या प्रदेशातील वाचकाला विशेष वाटावा असा प्रयोग १९२१ मध्ये तत्कालीन जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे झाला. हाइन्झ कुस्टनर यांना शिजवलेला मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तातील द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना माशाची ॲलर्जी नसतानाही तेवढ्याच जागी गांध उठली. ॲलर्जीला कारण ठरणारा घटक रक्तात असतो आणि तो एका व्यक्तीकडून दुसरीकडे देता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. तो घटक म्हणजे आयजीई हे ओळखण्यास मात्र पुढे पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निख यांनी स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला.

निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९७६ चा आहे. चार्ल्स मे यांनी दमा असलेल्या मुलांना संशयित पदार्थ वेष्टित स्वरूपात दिला. कोणत्या वेळी खरा पदार्थ आहे आणि कोणत्या वेळी निरुपद्रवी पूड, हे मुलाला व तपासणाऱ्यालाही कळू दिले नाही. ‘दुहेरी अंध आहार-चाचणी’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत आजही निदानाची अंतिम कसोटी मानली जाते. पालकांनी सांगितलेल्या ॲलर्जींपैकी बऱ्याचशा या कसोटीवर टिकत नाहीत.

महाराष्ट्रातील व भारतातील संशोधन

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत दूध, अंडी, शेंगदाणा, अक्रोड-बदामासारखी कवचफळे, गहू, सोयाबीन, मासे आणि कवचधारी जलचर यांना प्रमुख ॲलर्जीकारक अन्न मानले आहे. महाराष्ट्रातील रोजच्या जेवणात या यादीतले सोयाबीन कमी आणि हरभरा, तूर, मूग, मटकी, मेथी हे पदार्थ फार अधिक. मुंबईतील संशोधक एस. पी. पाटील, प्रमोद निफाडकर आणि एम. एम. बापट यांनी १९९० च्या दशकात नेमक्या याच पदार्थांकडे लक्ष वळवले.

१९९७ मध्ये या तिघांनी मेथीच्या ॲलर्जीचे दोन रुग्ण प्रसिद्ध केले. एका रुग्णाला मेथीदाण्यांची पूड श्वासातून आत गेल्याने नाक वाहणे, धाप लागणे व भोवळ येणे असा त्रास झाला. दुसऱ्या रुग्णाने कोंड्यावर उपाय म्हणून डोक्याला मेथीचे वाटण लावले होते. त्यानंतर चेहरा सुजला आणि धाप लागली. मेथीची प्रथिने हरभरा व अन्य कडधान्यांच्या प्रथिनांशी साम्य दाखवतात, कारण या सर्व वनस्पती एकाच शिंबावंत कुळातील आहेत. त्याच वर्षी त्यांनी हरभऱ्यामुळे आलेल्या ॲनाफिलॅक्सिसचीही नोंद केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ॲलर्जीच्या तक्रारी असलेल्या रुग्णांची त्वचाचाचणी व दुहेरी अंध आहार-चाचणी करून हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक अन्नपदार्थ असल्याचे मांडले. ज्या प्रदेशात झुणका, भजी, शेव, पुरणपोळी आणि बेसनाचा लाडू हे सर्व हरभऱ्यापासून होतात, तेथे या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही हे संशोधन डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचलेले नाही.

मुलांमधील ॲलर्जीजन्य आजारांची मोठी पाहणी ‘आयझॅक’ या जागतिक प्रकल्पाने केली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचे पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांमधील १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांचा समावेश होता. महाराष्ट्रातील केंद्रांमध्ये मुंबई, पुणे व अकोला यांच्यासह बोरिवलीचा समावेश होता. पश्चिम रेल्वेमार्गावर वसईच्या दक्षिणेस असलेले हे उपनगर या लेखातील प्रदेशाला सर्वांत जवळचे केंद्र होय. प्रकल्पाच्या मूळ प्रश्नावलीत दमा, नाकाची ॲलर्जी व इसब यांविषयी प्रश्न होते, अन्नाविषयी नव्हते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मुलांच्या तुलनेत भारतीय केंद्रांत दम्याच्या लक्षणांचे प्रमाण बरेच कमी आढळले.

अन्न-ॲलर्जीची पद्धतशीर मोजणी ‘युरोप्रिव्हॉल-इन्को’ या प्रकल्पात कर्नाटकातील बंगळुरू व म्हैसूर परिसरात झाली. म्हैसूरचे पी. ए. महेश हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी होत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या अभ्यासात २६.५ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या अन्नाला संवेदित आढळल्या, परंतु संभाव्य ॲलर्जी केवळ १.२ टक्के व्यक्तींमध्ये होती. शालेय मुलांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. संभाव्य अन्न-ॲलर्जीचे प्रमाण हाँगकाँगमध्ये १.५० टक्के, रशियातील तोम्स्क येथे ०.८७ टक्के, चीनमधील शाओग्वान येथे ०.६९ व ग्वांगचौ येथे ०.२१ टक्के, तर भारतात ०.१४ टक्के होते. हाँगकाँग व ग्वांगचौ ही शहरे एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि दोन्हीकडील आहार बराच सारखा आहे. तरी दोहोंत सात पटींचा फरक पडला. म्हणजे केवळ ताटात काय असते यावरून ॲलर्जीचा अंदाज बांधता येत नाही. भारतातील आकडा लहान दिसत असला, तरी मुलांच्या प्रचंड संख्येमुळे प्रत्यक्ष रुग्णांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

वसई-विरार किनाऱ्यावरील आहार

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२.२ लाख होती. पश्चिमेकडील अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव या मच्छीमार वस्त्या, त्यांच्या मागे केळी, फुले व भाजीपाल्याच्या वाड्या आणि पूर्वेकडे लोहमार्गालगत झपाट्याने वाढलेल्या गृहसंकुलांची दाटी, असे या परिसराचे रूप आहे. एकाच शाळेच्या वर्गात रोज मासे खाणाऱ्या घरातले मूल आणि मासे कधीही न शिवलेल्या घरातले मूल शेजारी बसते.

येथील आहारात कोळंबी, करंदी, जवळा, सोडे व सुकट यांचे स्थान मोठे आहे. जवळा लहान दिसत असला तरी तो कोळंबीच्याच गटातील जलचर आहे. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या मुलाला जवळ्याची चटणी सुरक्षित असेल असे धरून चालता येत नाही.

कोळंबीतील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन ओळखण्याचे श्रेय बऱ्याच अंशी भारतीय संशोधनाला जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने १९८९ मध्ये अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने भारतीय पांढऱ्या कोळंबीतून, म्हणजे तत्कालीन शास्त्रीय नावानुसार पेनिअस इंडिकस या जातीतून, उष्णतेने नष्ट न होणारी ॲलर्जीकारक द्रव्ये वेगळी केली. १९९३ मध्ये के. एन. शांती व सहकाऱ्यांनी हे प्रथिन म्हणजे स्नायूंमधील ट्रोपोमायोसिन असल्याचे दाखवून दिले. हे प्रथिन उकळल्यानेही टिकते आणि शिजवतानाच्या पाण्यातही उतरते. म्हणून कालवणातील कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा मुलाला वाढणे हा ॲलर्जी असलेल्या मुलासाठी उपाय होऊ शकत नाही. कवचधारी जलचरांच्या प्रथिनांचे कण शिजवण्याच्या वाफेतून व सुकवलेल्या मालाच्या धुळीतून श्वासात जातात आणि त्यांपासून दमा होतो, हे मासळी-प्रक्रिया उद्योगातील कामगारांवरील अभ्यासांतून अनेक देशांत दिसून आले आहे. सुकट निवडणे व पाखडणे ही कामे जेथे घरात होतात तेथे ही बाब लक्षात घेण्याजोगी ठरते.

ट्रोपोमायोसिन हेच प्रथिन, थोड्याफार फरकाने, घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किडींमध्ये व झुरळांमध्येही असते. दमट किनारी हवेत या दोहोंचाही सुकाळ असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धर्मनियमांमुळे कोळंबी कधीही न खाल्लेल्या सनातनी ज्यू व्यक्तींची तपासणी करण्यात आली. धूळकिडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींच्या रक्तात कोळंबीविरुद्धचे आयजीई आढळले. म्हणजे शरीराची ओळख झाली होती ती धूळकिडीशी. चाचणीत नाव मात्र कोळंबीचे निघाले. वसईतील एखाद्या शाकाहारी घरातील दमेकरी मुलाची कोळंबीची चाचणी होकारार्थी येणे यात म्हणूनच आश्चर्य नाही. तसेच आठवड्यातून चार वेळा कोळंबी खाऊन सुखरूप असलेल्या मुलाची कोळंबी केवळ अशा अहवालावरून बंद करणे शास्त्राला धरून नाही.

मासे आणि कोळंबी यांची ॲलर्जी एकच नव्हे. माशांमधील प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन हे आहे आणि त्याचे ट्रोपोमायोसिनशी साम्य नाही. कोळंबी बाधणारे मूल पापलेट किंवा बोंबील निर्वेधपणे खाऊ शकते. फक्त बाजारात, टोपलीत किंवा तळणीच्या तेलात दोहोंची सरमिसळ होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. कोलकात्यातील संशोधकांनी २००६ मध्ये पापलेट, पाला, जिताडा व बांगडा या चार माशांचे कच्चे, उकडलेले व तळलेले अर्क तपासले. शिजवल्यावर पापलेट व पाला यांची ॲलर्जीकारकता घटली, परंतु जिताडा व बांगडा यांची टिकून राहिली. ही चारही नावे कोकणच्या बाजारातली असल्याने हा अभ्यास येथील वैद्यकीय व्यवसायात अधिक परिचित असायला हवा होता. तिसऱ्या, कालवे, माकूळ यांसारख्या मृदुकाय प्राण्यांमध्येही ट्रोपोमायोसिन असते, मात्र कोळंबीच्या प्रथिनाशी त्याचे साम्य अंशतःच आहे.

किनाऱ्यावर ॲलर्जी समजली जाणारी आणखी एक घटना प्रत्यक्षात विषबाधा असते. बांगडा, तारली, सुरमई, कुपा असे मासे बर्फाविना राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार करतात. ते शिजवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर पुरळ येते. लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात. मात्र यात एकाच ताटावर जेवलेल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होतो, आणि तोच मासा ताजा खाल्ल्यास काही होत नाही. हा प्रश्न विचारला न गेल्यास मुलावर ‘माशाची ॲलर्जी’ असा शिक्का कायमचा बसू शकतो.

वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध आहे. केळ्याची ॲलर्जी क्वचित आढळते. आढळल्यास तिचा संबंध रबरातील लॅटेक्सच्या ॲलर्जीशी असू शकतो, कारण केळे, ॲव्होकॅडो, किवी व चेस्टनट यांतील काही प्रथिने लॅटेक्समधील प्रथिनांसारखी असतात. वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या बाबतीत याची विशेष विचारणा केली जाते.

त्वचेवाटे होणारी ओळख

अन्नाची पहिली ओळख शरीराला तोंडावाटे झाली तर बहुधा सहनशीलता निर्माण होते आणि रोगट त्वचेवाटे झाली तर ॲलर्जी, असे गृहीतक लंडनमधील गिडियन लॅक यांनी मांडले. २००३ मध्ये त्यांच्या गटाने शेंगदाणा तेल असलेली मलमे तान्हेपणी लावलेल्या मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक असल्याचे दाखवले होते. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक व्यक्तींना गव्हाची ॲलर्जी जडली. त्यांतील बहुतेकजण त्याआधी गहू निर्वेधपणे खात होते.

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला डाळीचे पीठ व साय लावून न्हाऊ घालण्याची रीत जुनी आहे. निरोगी त्वचेच्या असंख्य मुलांना त्याने काही होत नाही. परंतु इसब झालेल्या, चिरा पडलेल्या त्वचेवर हरभऱ्याचे वा दुधाचे प्रथिन रोज चोळणे वरील निष्कर्षांच्या प्रकाशात टाळणे इष्ट ठरते. मुंबईतील मेथीच्या रुग्णाचे उदाहरण याच दिशेने बोट दाखवते. इसब हा बालवयातील अन्न-ॲलर्जीचा सर्वांत ठळक पूर्वसूचक मानला जातो, आणि ज्या मुलांना तान्हेपणी इसब असते त्यांच्यापैकी काहींना पुढे नाकाची ॲलर्जी व दमा होतो.

पहिला घास केव्हा द्यावा

१९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेत ॲलर्जीची आनुवंशिकता असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असा सल्ला देण्यात आला. त्या काळात शेंगदाण्याची ॲलर्जी घटण्याऐवजी वाढत गेली. २००८ मध्ये लॅक व सहकाऱ्यांनी ब्रिटन व इस्राएल येथील ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमधील मुलांमध्ये शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के, तर इस्राएलमध्ये ०.१७ टक्के होते. इस्राएलमध्ये शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ बाळांना पहिल्या वर्षातच दिला जात असे. त्यानंतरच्या ‘लीप’ या प्रयोगात इसब अथवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे घेण्यात आली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्या गटातील १७.२ टक्के, तर खाणाऱ्या गटातील केवळ ३.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती. जगभरातील सल्ले त्यानंतर बदलले.

शेंगदाण्याचे कूट ज्या प्रदेशात भाजी, कोशिंबीर व उपवासाची खिचडी यांत सर्रास पडते, तेथे मुलांच्या तोंडी ते लवकर लागते. येथे शेंगदाण्याची ॲलर्जी कमी असण्याचे हे एक कारण असू शकते. दाणे उकडून खाल्ल्याने ॲलर्जी कमी होते असेही एक स्पष्टीकरण चीनच्या संदर्भात दिले जाते, परंतु महाराष्ट्रात दाणे प्रामुख्याने भाजूनच वापरतात. तेव्हा ते येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

जन्मस्थानाचा प्रभाव ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पाहणीत दिसून आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आशियाई वंशाच्या, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मुलांमध्ये कवचफळे व शेंगदाण्याची ॲलर्जी इतर मुलांपेक्षा अधिक, तर आशियात जन्मून नंतर तेथे गेलेल्या मुलांमध्ये कमी आढळली. मेलबर्नसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा निष्कर्ष लागू होण्याजोगा आहे. वंश एकच असून फरक पडतो, याचा अर्थ आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतील परिसर निर्णायक ठरतो.

बाळाचे उष्टावण साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास होते. त्यानंतर डाळ, दाण्याचे बारीक कूट घातलेली पेज, अंडे, मासे हे पदार्थ टप्प्याटप्प्याने देण्यास हरकत नाही, असा आजचा सर्वसाधारण वैद्यकीय कल आहे. अख्खा दाणा मात्र श्वासनलिकेत अडकण्याच्या भीतीने लहान मुलांना देत नाहीत. तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने करतात.

निदान

निदानाचा पाया मुलाची हकिकत हा आहे: काय खाल्ले, किती, किती वेळाने काय झाले, आणि तोच पदार्थ आधी वा नंतर खाल्ल्यावर काय झाले. त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचणे व पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजणे ही चाचणी, तसेच रक्तातील आयजीईची मोजणी, हकिकतीला पूरक म्हणून उपयोगी पडतात. हकिकत नसताना डझनावारी पदार्थांची एकगठ्ठा चाचणी केल्यास खोटे होकार हाती येतात. शहरांतून विकल्या जाणाऱ्या ‘आयजीजी’ प्रतिपिंडांच्या अन्न-चाचण्यांना युरोप व उत्तर अमेरिकेतील ॲलर्जी-तज्ज्ञांच्या संघटनांनी निदानासाठी अमान्य ठरवले आहे. आयजीजी४ असणे म्हणजे तो पदार्थ शरीराच्या परिचयाचा आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

शंका उरल्यास रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ वाढत्या मात्रेत खाऊ घालून पाहतात. ही चाचणी घरी करणे धोक्याचे असते.

पथ्य आणि पोषण

पालघर जिल्ह्याच्या जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील बालकुपोषणाचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. वसई-विरारची शहरी स्थिती त्याहून वेगळी असली, तरी दूध, अंडी, डाळी आणि मासे हे प्रथिनांचे स्वस्त स्रोत एखाद्या अहवालावरून एकाच वेळी बंद केल्यास शहरातील मुलाचीही वाढ खुंटते. मच्छीमार घरातून मासळी किंवा शाकाहारी घरातून दूध व हरभरा वजा केला तर ताटात उरणारे अन्न फार थोडे असते. शिवाय जे मूल एखादा पदार्थ संवेदित असूनही निर्वेधपणे खात होते, त्याला तो दीर्घकाळ वर्ज्य केल्यास पुन्हा सुरू करताना खरीखुरी तीव्र प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे, विशेषतः इसब असलेल्या मुलांमध्ये, नोंदलेली आहेत. दूध व अंडे यांची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर नाहीशी होते. म्हणून पथ्य खरोखरच आवश्यक असले तरी त्याची वेळोवेळी फेरतपासणी करावी लागते. कोळंबी व शेंगदाणा यांची ॲलर्जी सहसा टिकून राहते.

तीव्र प्रतिक्रिया व उपचार

ॲनाफिलॅक्सिसमध्ये श्वास वा रक्ताभिसरण बिघडते आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. त्यावरील पहिला उपचार मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच आहे. मात्रा दर किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम व लहान मुलांत सर्वसाधारणपणे कमाल ०.३ मिलिग्रॅम असते. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे २० किलो वजनाच्या मुलास ०.२ मिलिलिटर. लक्षणे न शमल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी मात्रा पुन्हा देता येते. मुलाला आडवे निजवून पाय किंचित वर ठेवतात. धाप लागली असल्यास बसू देतात. एकदम उभे करणे घातक ठरू शकते. गांधींवरची गोळी किंवा स्टेरॉइड हा ॲड्रेनलिनचा पर्याय नव्हे. ती देऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.

पाश्चात्त्य देशांत पालक व शाळा स्वयंचलित ॲड्रेनलिन पेन जवळ बाळगतात. भारतात असे पेन सहजी मिळत नाही. औषधाची साधी कुपी अत्यंत स्वस्त आहे, परंतु ती फोडून सिरिंजमध्ये अचूक मात्रा भरणे घाबरलेल्या पालकाला कठीण जाते. म्हणून ज्ञात धोका असलेल्या मुलाच्या घरी व शाळेत मात्रा लिहून ठेवलेला कृती-आराखडा आणि जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयाची माहिती असणे हा व्यवहार्य मार्ग मानला जातो.

ॲलर्जी समूळ बरी करणारे औषध उपलब्ध नाही. अमेरिकेत ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी शेंगदाण्याची मोजून वाढवत नेण्याची पूड २०२० मध्ये, तर ओमालिझुमॅब हे आयजीईविरोधी इंजेक्शन एक वर्षावरील रुग्णांच्या अन्न-ॲलर्जीसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्य झाले. दोहोंचा हेतू चुकून पोटात गेलेल्या अल्प मात्रेचा धोका कमी करणे हा आहे. त्यांमुळे पथ्य सुटत नाही.

वेष्टनावरील माहिती

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंद वेष्टनातील पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक सल्फाइट यांचा ॲलर्जीकारक म्हणून स्वतंत्र उल्लेख करणे बंधनकारक आहे. ही यादी आंतरराष्ट्रीय नमुन्यावर बेतलेली आहे. मुंबईतील अभ्यासांनी पुढे आणलेला हरभरा तिच्यात नाही, मेथीही नाही. घटकपदार्थांच्या साध्या सूचीतच पालकांना ती शोधावी लागतात. सुट्या फरसाणाला, मासळी बाजारातील सुकटीला किंवा गाडीवरच्या भजीला वेष्टनच नसते. तळणीच्या एकाच कढईत कोळंबी, बोंबील व बटाटाभजी तळली जातात तेथे विचारून खात्री करून घेणे एवढाच पर्याय उरतो.